आल्फ्रेड बिने : बालबुद्धीचा प्रामाणिक शोधक

माणसाच्या मनाचा अभ्यास ही शतकानुशतके तत्त्वज्ञांची मिरासदारी होती. स्मृती म्हणजे काय, संवेदना कशी उपजते, विचार कोठून येतो, हे प्रश्न एकांतात बसून चिंतनाने सोडवावयाचे, अशी सर्वमान्य समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील काही अभ्यासकांनी ही मिरासदारी मोडून काढली. गुस्टाव्ह फेखनर यांनी १८६० साली बाह्य उद्दीपकाच्या वाढीबरोबर माणसाची संवेदना कोणत्या प्रमाणात वाढते, याचे गणित मांडले. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली आणि देशोदेशींचे विद्यार्थी तेथे शिकावयास येऊ लागले. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून आणि स्वतःच विसरून विस्मरणाचा वेग मोजला. त्यांचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. मन हेदेखील प्रयोगाने तपासता येते आणि तपासताना झालेली चूक प्रयोगानेच दुरुस्त करता येते, हा या सर्वांच्या कार्याचा मथितार्थ होय.

या पिढीतील फ्रान्सचे थोर प्रतिनिधी म्हणजे आल्फ्रेड बिने. अध्यापक विद्यालयात शिकलेल्या प्रत्येक शिक्षकाने हे नाव ऐकलेले असते. बुद्धिमापन कसोटीचे जनक, एवढ्या एका ओळीत ते येते आणि परीक्षेपुरते पाठ होते. आम्हीही ते तसेच पाठ केले होते. पुढे इतिहासाचे अभ्यासक या नात्याने त्यांचे जीवन वाचावयास घेतले, तेव्हा आमच्या ध्यानी आले की, या माणसाने जे सांगितले त्याच्या नेमके उलटे पुष्कळ काही त्याच्या नावावर खपविले गेले आहे. ज्या शाळेच्या वसतिगृहात पहिल्या पिढीची अक्षरे गिरविली जातात, त्या शाळेच्या स्मरणिकेत हे चरित्र सांगावयाचे ते याच कारणासाठी.

ग्रंथालयात घडलेला विद्यार्थी

आल्फ्रेड बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस या समुद्रकाठच्या शहरात झाला. त्या वेळी नीस हे सार्डिनियाच्या राज्यात मोडत असे. १८६० साली ते फ्रान्सला जोडले गेले. वडील वैद्यकीय व्यवसायात होते, आई चित्रकार होती. आईवडील विभक्त झाल्यामुळे मुलाचे संगोपन आईनेच केले. मुलाचा भित्रेपणा जावा म्हणून वडिलांनी त्याला प्रेतास हात लावावयास भाग पाडले होते, अशी एक हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. त्या प्रकाराने भीती जाण्याऐवजी ती मनात अधिकच रुतून बसली. मुलाला धाक दाखवून धीट करता येत नाही, हा धडा भावी बालमानसशास्त्रज्ञाला असा स्वानुभवातूनच मिळाला असावा.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास आई त्यांना घेऊन पॅरिसला आली. लुई-ल-ग्राँ या नामांकित विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८७८ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली, परंतु वकिलीत मन रमेना. वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, तोही अर्धवट सुटला. या काळात त्यांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा आश्रय घेतला. तेथे रिबो, तेन आणि जॉन स्टुअर्ट मिल यांचे ग्रंथ वाचता वाचता त्यांना मानसशास्त्राची गोडी लागली. त्यांना या विषयाचा ना गुरू लाभला, ना कोणत्या विद्यापीठाचा वर्ग. १८८० साली त्यांचा पहिला लेख एका प्रतिष्ठित तत्त्वज्ञानविषयक मासिकात आला. त्वचेच्या स्पर्शसंवेदनेवरील त्या लेखातील दोष बेल्जियममधील लिएज येथील प्राध्यापक जोझेफ देलबफ यांनी लागलीच दाखवून दिले. हे देलबफ पुढे पुन्हा एकदा बिने यांच्या आयुष्यात येणार होते, आणि तेव्हाचा आघात याहून पुष्कळ मोठा असणार होता.

सालपेत्रिएरमधील पराभव

१८८३ च्या सुमारास बिने पॅरिसच्या सालपेत्रिएर या प्रख्यात रुग्णालयात दाखल झाले. मज्जारोगांचे जगद्विख्यात वैद्य झाँ-मार्तें शार्को तेथे संमोहनाचे प्रयोग करीत. बिने आणि त्यांचे सहकारी शार्ल फेरे यांनी संमोहित रुग्णस्त्रियांवर लोहचुंबकाचे प्रयोग केले. उजव्या हाताला आलेले जडत्व चुंबक जवळ नेताच डाव्या हातात जाते, एवढेच नव्हे तर चुंबकाने एक भावना तिच्या विरुद्ध भावनेत पालटते, असे निष्कर्ष त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने प्रसिद्ध केले. शार्कोंसारख्या महापुरुषाच्या छायेखाली चाललेल्या कार्यात चूक असेल, ही शंका त्या तरुणाच्या मनास शिवलीही नाही.

देलबफ स्वतः सालपेत्रिएरला येऊन हे प्रयोग पाहून गेले. त्यांना दिसले ते असे : चुंबक रुग्णाच्या डोळ्यांदेखत उचलला जात होता आणि आता काय घडावयाचे याची चर्चा रुग्णाच्या समक्ष मोकळेपणाने चालली होती. बिचारी रुग्णस्त्री आपल्याकडून जे अपेक्षित आहे ते करून दाखवीत होती. तो परिणाम चुंबकाचा नसून सूचनेचा होता. नान्सी येथील बर्नएम आदी वैद्यही हेच प्रतिपादन करीत होते. बिने यांनी प्रथम हिरिरीने आपली बाजू लढविली. काही वर्षे हा वाद चालला. अखेरीस आपलेच प्रयोग सदोष होते हे त्यांना उमगले आणि त्यांनी ते जाहीरपणे मान्य केले. १८९० च्या सुमारास त्यांनी सालपेत्रिएर सोडले.

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी सात वर्षांचे कार्य मातीमोल होणे ही लहान गोष्ट नव्हे. एखादा माणूस अशा वेळी विषयच सोडून देतो, नाही तर चुकीलाच कवटाळून बसतो. बिने यांनी तिसरा मार्ग निवडला. ज्या सूचनेने आपल्याला फसविले, त्या सूचनेचाच त्यांनी पुढे शास्त्रशुद्ध अभ्यास केला.

घर हीच प्रयोगशाळा

१८८४ साली बिने यांचा विवाह भ्रूणशास्त्रज्ञ बाल्बियानी यांची कन्या लोर यांच्याशी झाला होता. त्यांना मादलेन आणि आलिस अशा दोन मुली झाल्या. नोकरी नाही, प्रयोगशाळा नाही, अशा त्या दिवसांत बिने यांनी आपल्या लहानग्या मुलींचे निरीक्षण आरंभिले. दोघी एकाच घरात, एकाच आईवडिलांच्या हाताखाली वाढत होत्या. तरीही त्यांच्या चालावयास शिकण्याच्या तऱ्हा निराळ्या होत्या. थोरली पुढचा आधार नीट न्याहाळून, तेथपर्यंत पोहोचण्याची खात्री झाल्यावरच पाऊल टाकी. धाकटी मात्र आधाराची पर्वा न करता खोलीच्या मधोमध लडखडत चालत जाई. दोघीही चालावयास शिकल्याच. प्रत्येक मुलाची शिकण्याची वाट वेगळी असते, हे सत्य बिने यांना येथे प्रथम प्रत्यक्ष दिसले.

दुसरे एक निरीक्षण तर आजही प्राथमिक शिक्षकांनी मनावर कोरून ठेवावे असे आहे. चार वर्षांच्या मुलीपुढे त्यांनी लहानमोठ्या सोंगट्यांचे दोन ढीग मांडले. ज्या ढिगाने जागा अधिक व्यापली होती तो तिला संख्येने अधिक वाटे, मग त्यातील सोंगट्या प्रत्यक्षात कमी का असेनात. वस्तूचा अर्थ विचारला तर लहान मूल तिचा उपयोग सांगते, हेही त्यांनी टिपले. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे. त्याच्या विचाराची घडणच निराळी असते, ही जाणीव यातून आली. पुढे मुली वाढल्यावर याच अभ्यासातून १९०३ साली बुद्धीच्या प्रायोगिक अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला.

बिनपगारी संचालक

१८९१ साली रुआँ येथील रेल्वे स्थानकावर बिने यांची गाठ आन्री बोनी यांच्याशी पडली. बोनी हे सॉर्बोन येथे १८८९ साली स्थापन झालेल्या शारीर-मानसशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक. ते पूर्वी नान्सीत प्राध्यापक होते, म्हणजे सालपेत्रिएरच्या वादात विरुद्ध गोटातले. तरीही बिने यांनी त्यांच्याकडे काम करण्याची इच्छा बोलून दाखविली आणि बोनी यांनी ती मान्य केली. जुन्या वादाचा सल दोघांनीही बाळगला नाही, हे दोघांच्याही मोठेपणाचे द्योतक आहे. १८९४ साली बोनी निवृत्त झाल्यावर बिने संचालक झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. या कामाबद्दल त्यांना वेतन मिळत नसे.

१८९४ हे वर्ष त्यांच्या कर्तृत्वाचा बहर होय. कीटकांच्या मज्जासंस्थेवरील प्रबंधाबद्दल त्यांना डॉक्टरेट मिळाली. मानसशास्त्राला वाहिलेले फ्रेंच वार्षिक त्यांनी बोनी यांच्यासह सुरू केले. त्याचा पहिला खंड १८९५ साली निघाला आणि ते वार्षिक आजही चालू आहे. त्याच वर्षी तोंडी हिशेब करणारे विलक्षण गणिती आणि डोळे झाकून बुद्धिबळ खेळणारे खेळाडू यांच्यावरील त्यांचा ग्रंथ आला. या ग्रंथातील झाक इनॉदी हा गणिती इटलीतील पीडमाँटचा एक गरीब मेंढपाळ. अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी तो मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार तोंडी करी. त्याला आकडे ऐकू येत. दुसरा गणिती दियामांदी हा ग्रीक व्यापारी. त्याला आकडे डोळ्यांपुढे लिहिल्यासारखे दिसत. उत्तर एकच, परंतु तेथवर पोहोचण्याचे मार्ग दोन. ज्याला वाचता येत नाही त्याला बुद्धी नाही, असे म्हणणाऱ्यांनी या मेंढपाळाचे स्मरण ठेवावे.

शाळकरी मुलांवर त्यांनी सूचनेचे जे प्रयोग केले तेही बोधप्रद आहेत. प्रथम लांबी वाढत जाणाऱ्या काही रेघा दाखवावयाच्या आणि पुढच्या रेघा समान ठेवावयाच्या. तरी पुष्कळ मुले पुढची प्रत्येक रेघ अधिक लांब काढीत. पुठ्ठ्यावर डकवलेले बटण दाखवून, ते कोणत्या दोऱ्याने शिवले आहे असे विचारले की काही मुले नसलेल्या दोऱ्याचे वर्णन करीत. प्रश्नातच खोटे उत्तर दडलेले असेल तर मूल तेच देते, आणि तेही खात्रीने देते. १९०० साली या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सालपेत्रिएरच्या पराभवाचे हे फळ होते.

इतके करूनही प्राध्यापकपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९०२ साली कोलेज द फ्रान्समधील आसन पिएर जाने यांना मिळाले. विद्यापीठीय पायऱ्या रीतसर न चढलेला हा माणूस अखेरपर्यंत त्या वर्तुळाबाहेरच राहिला. फावल्या वेळात ते आंद्रे द लोर्द या नाटककाराच्या जोडीने नाटकेही लिहीत.

कवट्यांची मोजणी आणि एक कबुली

बिने यांच्या जीवनातील जो प्रसंग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो आता सांगावयाचा आहे. त्या काळी फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांच्या संप्रदायाचा मोठा दबदबा होता. मेंदू जेवढा मोठा तेवढी बुद्धी अधिक, आणि डोके मोजले की माणूस मोजला, असे हा संप्रदाय मानी. कोणता वंश श्रेष्ठ, कोणता कनिष्ठ, स्त्रिया पुरुषांहून कमी का, याची उत्तरे टेपने आणि मोजपट्टीने दिली जात. १८९८ च्या सुमारास बिने यांनी याच मार्गाने आरंभ केला. शाळाशाळांतून शिक्षकांनी निवडून दिलेली हुशार मुले आणि मागे पडलेली मुले घेऊन त्यांनी त्यांची डोकी मोजली.

निष्पन्न काय झाले? दोन्ही गटांतील सरासरी फरक जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास निघाला, आणि काही मापांत तर मागे पडलेल्या मुलांचीच डोकी मोठी भरली. मग बिने यांच्या मनात एक भीती उत्पन्न झाली. हुशार मुलाचे डोके मोठे असणार हे मी आधीच धरून चाललो आहे. मग माझा हात नकळत तेच माप तर घेत नाही ना? त्यांनी तरुण सहकारी डॉ. तेओदोर सिमों यांच्यासह पुन्हा मापे घेतली आणि ती भीती खरी ठरली. पूर्वग्रहानुसार स्वतःचीच मापे सरकत होती. शाळकरी मुलांची सूचनावशता तपासणारा शास्त्रज्ञ स्वतःही सूचनावश होता. ही गोष्ट त्यांनी दडवून ठेवली नाही. आपल्या वार्षिकात सविस्तर छापली आणि डोकी मोजून बुद्धी ठरविण्याचा मार्ग सोडून दिला.

आपल्या देशातही वसाहतीच्या काळात नाकाची लांबीरुंदी मोजून जातींची उतरंड शास्त्रीय ठरविण्याचा खटाटोप झाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या ग्रंथात डॉ. घुर्ये यांनी दिलेली तीच मापे पुराव्यादाखल घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशाने भिन्न नाहीत, असे त्याच मापांवरून दाखविले. मापाला घाबरू नये. माप कोणी, कशासाठी आणि कोणत्या गृहीतावर घेतले हे विचारावे, हाच विवेक बिने यांच्या कबुलीतूनही मिळतो.

तीस प्रश्नांची श्रेणी

१८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये सहा ते तेरा वर्षांच्या सर्व मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. शेतमजुरांची, कामगारांची मुले प्रथमच वर्गात येऊन बसली आणि त्यांतील काही मागे पडू लागली. अशा मुलांचे काय करावयाचे, हे ठरविण्यासाठी १९०४ साली सरकारने लेऑं बुर्ज्वा यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. रीतसर तपासणीवाचून कोणत्याही मुलाला सामान्य शाळेतून काढून विशेष वर्गात पाठवू नये, असे आयोगाने ठरविले. परंतु तपासणी कशी करावयाची? तोवर एकच मूल एका वैद्याच्या मते मतिमंद, तर दुसऱ्याच्या मते सामान्य ठरे. खोडकर मूल शिक्षकाला नकोसे असे, आणि सोज्वळ दिसणाऱ्या मुलाचे मागासलेपण नजरेआड होई.

या अन्यायावर उतारा म्हणून बिने आणि सिमों यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध केली. सोप्याकडून अवघडाकडे जाणारे हे प्रश्न होते. पेटत्या काडीमागे नजर फिरविणे, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतील भेद ओळखणे, येथून आरंभ होई. मग चित्रातील वस्तू दाखविणे, दोन रेघांतील लांब कोणती ते सांगणे, आकडे ऐकून पुन्हा म्हणणे. आणि शेवटी दोन अमूर्त कल्पनांतील फरक सांगणे. १९०८ साली त्यांनी ही श्रेणी तीन ते तेरा वर्षे अशा वयानुसार लावली. एखाद्या वयाची बहुसंख्य मुले जो प्रश्न सोडवितात तो त्या वयाचा मानला गेला. त्यातूनच मानसिक वयाची कल्पना रूढ झाली. १९११ च्या सुधारित आवृत्तीत लेखन-वाचनावर अवलंबून असलेले प्रश्न त्यांनी गाळले. न शिकविलेले आणि न समजणारे, या दोहोंची गल्लत होऊ नये, ही त्यांची तळमळ होती. ब्रुसेल्समधील संपन्न घरांतील मुले याच कसोटीवर वयाच्या पुष्कळ पुढे असल्याचे डॉ. देक्रोली यांना आढळले, तेव्हा घरच्या भाषेचे वळण अशा उत्तरांत मोठे काम करते, हे बिने यांच्या ध्यानी आले.

येथे आम्हाला आमची एक चूक नमूद केली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आमच्या वर्गात ऊसतोड कामगाराचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर तो टोळीबरोबर कारखान्याकडे जाई, तो थेट उन्हाळ्यात परत येई. पाचवीत असून त्याला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. आम्ही प्रगतिपुस्तकात मंद असा शेरा मारला आणि त्याला मागच्या बाकावर बसविले. वसतिगृहात ऊस तोडणीचा विषय निघाला असता त्याच मुलाने टोळीत किती कोयते, दिवसाला किती टन, उचल किती घेतली आणि किती फिटली, हा सगळा हिशेब न अडखळता तोंडी सांगितला. वजाबाकी त्याला येत होती. कागदावरची आमची वजाबाकी त्याला कोणी शिकविलीच नव्हती, कारण ती शिकविली गेली त्या महिन्यांत तो फडात होता. तो शेरा आम्ही खोडला, परंतु त्याच्या मनावरून तो खोडला गेला की नाही, हे आम्हाला सांगता येणार नाही. बिने यांची १९०५ ची श्रेणी अशाच शेऱ्यांविरुद्ध होती.

मनाचा व्यायाम

बिने यांनी निदानावर समाधान मानले नाही. १९०५ सालीच त्यांनी पॅरिसच्या श्रमिक वस्तीतील एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक व्हाने यांच्या सहकार्याने प्रायोगिक शिक्षणशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. मुलांची दृष्टी तपासण्याची सोपी रीत त्यांनी शिक्षकांच्या हाती दिली, कारण फळा न दिसणाऱ्या मुलाला ढ ठरविण्याचा प्रकार त्यांनी पाहिला होता. मागे पडलेल्या मुलांच्या विशेष वर्गांसाठी त्यांनी एक कार्यक्रमच आखला. वाकलेला कणा जसा व्यायामाने सरळ करता येतो, तशी अवधान, स्मरण आणि इच्छाशक्ती यांनाही व्यायामाने बळकटी आणता येते, अशी त्यांची धारणा होती. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे, ठरलेल्या वेळात कागदावर जास्तीत जास्त ठिपके काढणे, पुठ्ठ्यावरील आठ-नऊ वस्तू काही क्षण पाहून त्यांची नावे सांगणे, असे ते खेळ होते. काही आठवड्यांच्या सरावाने ही मागासलेली मुले इतकी तरबेज झाली की, वर्ग पाहावयास आलेल्या लोकप्रतिनिधींना तोच खेळ खेळावयास दिला असता ते पाहुणेच मागे पडले.

आधी शिकावे कसे हे शिकवावे, मग विषय शिकवावेत, हा या कार्याचा गाभा. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या मुलांविषयीच्या आधुनिक विचारांवरील ग्रंथात बिने यांनी आपले मत निःसंदिग्धपणे मांडले. माणसाची बुद्धी जन्मतःच ठरलेली असून ती तसूभरही वाढविता येत नाही, असे सांगणाऱ्या विद्वानांचा त्यांनी खरपूस समाचार घेतला आणि असा क्रूर निराशावाद कोणत्याही पुराव्यावर उभा नाही, असे बजाविले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विशेष वर्गांचा कायदा झाला. दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला.

मृत्यूनंतरचा विपर्यास

इतिहासाचा उपहास पाहावा. ज्याने बुद्धी ही एका आकड्यात मावत नाही असे सांगितले, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९१२ साली, विल्यम श्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ साली त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. त्याआधीच हेन्री गॉडर्ड यांनी बिने यांची श्रेणी इंग्रजीत नेली होती आणि १९१३ साली एलिस बेटावर उतरणाऱ्या गरीब स्थलांतरितांवर तिचा प्रयोग केला होता. दूरचा समुद्रप्रवास करून आलेल्या, भाषा न जाणणाऱ्या माणसांना त्यांनी मतिमंद ठरविले. पहिल्या महायुद्धात सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची चाचणी झाली आणि तिच्या आकड्यांवरून काही वंश जन्मतः हीन असल्याचे सिद्धान्त उभारले गेले. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मतिमंद ठरविलेल्या एका गरीब तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिच्यावर तो शिक्का मारण्यात बिने यांच्या कसोटीचाही हात होता. मुलाला मदत मिळावी म्हणून केलेले साधन माणसाला कायमचे बाद करण्यासाठी वापरले गेले. १९६१ पर्यंत जगलेल्या डॉ. सिमों यांनी बुद्ध्यंकाच्या या प्रघाताला मूळ हेतूशी झालेली प्रतारणा मानले.

ही कसोटी आपल्याकडेही आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे राहून तिची मराठी व कन्नड मुलांसाठी आवृत्ती तयार केली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. भाषा बदलली तर प्रश्न बदलावे लागतात, मुलाच्या अनुभवातील वस्तूच प्रश्नात याव्या लागतात, हे भान अशा कार्यामागे असते.

बिने यांच्या जीवनाचा हिशेब मांडावयाचा तर तीन चुका आणि एक सिद्धी असा मांडता येईल. पहिल्या लेखात चूक झाली, ती देलबफ यांनी दाखविली. चुंबकाच्या प्रयोगात चूक झाली, ती त्यांनी वर्षानुवर्षे झगडून मान्य केली. कवट्यांच्या मोजणीत चूक झाली, ती त्यांची त्यांनीच शोधून काढली. दुसऱ्या चुकीपेक्षा तिसरी चूक मान्य करण्यास लागलेला काळ कमी होता. ज्या माणसाला स्वतःच्या निर्णयावर संशय घेता आला, तोच मुलांविषयी घाईने निर्णय देऊ नका असे जगाला सांगू शकला.

आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, तुमच्याविषयी कोणी लिहिलेला शेरा हा त्या दिवसापुरता असतो. तो पुसण्याचे सामर्थ्य सरावात आहे. आणि आमच्या शिक्षक बंधुभगिनींना विनंती ही की, पुढच्या सत्रात प्रगतिपुस्तकात शेरा लिहिण्यास लेखणी उचलाल, तेव्हा त्या मुलाला फळा दिसतो काय, त्याला घरची भाषा कोणती, आणि ज्या महिन्यांत तो धडा झाला त्या महिन्यांत ते मूल कोठे होते, एवढे तीन प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. आल्फ्रेड बिने यांचे खरे स्मारक तेच होईल.